कचाने न दिलेले उत्तर

समर्थक : कचाला निष्ठुर ठरवण्याआधी त्याच्या खांद्यावर काय होते ते पाहायला हवे. देव आणि असुर त्रैलोक्याच्या ऐश्वर्यासाठी लढत होते. देवांचे पुरोहित बृहस्पती, असुरांचे शुक्राचार्य. रणात पडलेले असुर शुक्राचार्य संजीवनी विद्येने पुन्हा उभे करत. देवांकडे मात्र पडला तो पडलाच, कारण बृहस्पतींना ती विद्या येत नव्हती. अशा वेळी देवांनी बृहस्पतींच्या थोरल्या मुलाला शत्रूच्या गुरूकडे पाठवले. तो वेषांतर करून गेला नाही. मी अंगिरसांचा नातू, बृहस्पतींचा मुलगा कच, असे सांगून त्याने शिष्यत्व मागितले आणि हजार वर्षांच्या ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. पुढे त्याला तीनदा मारले गेले. विद्या मिळाली तेव्हा ती त्याच्या एकट्याची मिळकत नव्हती. जे तिची वाट पाहत होते त्यांची ती ठेव होती. निघण्याच्या दिवशी शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिने विवाह मागितला आणि तो नाही म्हणाला. त्या नकाराला कर्तव्य म्हणायचे नाही, तर आणखी कशाला म्हणायचे?

साशंक : तुम्ही कथा कचाच्या आगमनापासून सुरू केली, म्हणून ती स्वच्छ दिसते. महाभारताच्या आदिपर्वात ती त्याच्या आधीच सुरू होते. देव कचाला पाठवताना नुसते विद्या घेऊन ये म्हणत नाहीत. शुक्राचार्यांची लाडकी मुलगी देवयानी, तिला तूच प्रसन्न करू शकशील. शीलाने, गोड वागण्याने, संयमाने तिचे मन जिंकलेस की विद्या मिळालीच समज, असे ते स्पष्ट सांगतात. कच तेच करतो. गातो, नाचतो, वाद्ये वाजवतो, फुले-फळे आणून देतो, तिने सांगितलेले प्रत्येक काम करतो. तीही एकांतात त्याच्यासाठी गाते, त्याची काळजी वाहते. हे सगळे मूळ कथेतच आहे. कोणा नाटककाराने मागाहून घातलेले नाही. म्हणून कर्तव्य आणि प्रेम एकत्र नांदू शकत नाहीत हे या कथेचे सार मला मान्य नाही. ती दोन्ही एका आश्रमात हजार वर्षे नांदली. प्रेम कर्तव्याच्या उपयोगाचे होते तोवर त्यांच्यात काहीच विरोध नव्हता. उपयोग संपला त्या दिवशी विरोध आठवला.

समर्थक : देवांनी काय सांगितले ते मी नाकारत नाही. पण पाठवणाऱ्यांचा हेतू आणि जाणाऱ्याचे मन एकच धरता येत नाही. कोणी एखाद्या घरी कामासाठी जातो, आणि राहता राहता त्या घराचा होतो. पाचशे वर्षे उलटल्यावर असुरांना कचाचा बेत कळला, असे कथा सांगते. पुराणातली वर्षे शब्दशः घेऊ नका, तरी अर्थ हाच की काळ फार मोठा गेला. इतका काळ कोणाला सोंग वठवता येते? शिवाय देवयानीला अंधारात ठेवले होते असेही म्हणता येत नाही. तो कोणाचा मुलगा हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. असुरांनी त्याला का मारले हेही ती जाणत होती. ब्रह्मचर्याचे व्रत तिच्यासमोर होते. व्रत घेतलेला माणूस व्रताच्या मर्यादेत गोड वागला, म्हणून त्याने वचन दिले असे होत नाही.

साशंक : वचन दिले नाही, हे खरे. पण ती वचनाचा दाखला देतच नाही. तिचा युक्तिवाद पुन्हा वाचा. तू व्रतात होतास तेव्हा मी कशी वागले ते आठव, आता व्रत पूर्ण झाले आहे, तर विधिपूर्वक माझे पाणिग्रहण कर, असे ती म्हणते. म्हणजे व्रताचा मान तिने शेवटपर्यंत राखला आणि ते संपेपर्यंत थांबली. यात प्रेमांध पोरीचा हट्ट कुठे आहे? आणि तिने काय दिले याचा हिशोब तुम्ही केलाच नाही. पहिल्यांदा गाई राखताना असुरांनी कचाला मारले, तुकडे करून लांडग्यांना घातले. गाई एकट्या परतल्या तेव्हा तिने बापाला सांगितले, कचाशिवाय मी जगणार नाही. दुसऱ्यांदा तो फुले आणायला रानात गेला होता. पुन्हा तिनेच त्याला परत आणवले. तिसऱ्यांदा त्याला जाळून राख सुरेत मिसळली आणि शुक्राचार्यांनाच पाजली. या वेळी बाप म्हणाला, शोक सोड. आता कच बाहेर यायचा तर माझे पोट फाडून येईल. एक तर तो जगेल किंवा मी. ती म्हणाली, दोघांपैकी कोणाचाही मृत्यू मला आगीसारखा जाळील. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला संजीवनी शिकवली, कारण त्याने बाहेर येऊन गुरूला उठवायचे होते. ज्या विद्येसाठी कच आला होता ती त्याला सेवेने मिळाली नाही, अभ्यासानेही नाही. ती देवयानीच्या अश्रूंमुळे मिळाली. आणि हे करताना तिने आपल्या पक्षाची सर्वांत मोठी शक्ती शत्रूच्या हाती जाऊ दिली. कर्तव्य आणि प्रेम यांतून निवड करण्याची वेळ तिच्यावर कचाच्या आधी आली होती. तिने प्रेम निवडले. तिच्या त्या निवडीवरच कचाचे कर्तव्य पार पडले.

समर्थक : हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. ऋण प्रचंड होते. पण ऋण फेडण्याचे नाणे विवाह असू शकते का? आपल्यावर उपकार केले म्हणून कोणी एखादीशी लग्न केले, तर त्या घरात ती बायको कमी आणि सावकार जास्त होऊन बसते. देवयानीच्या स्वभावात अशा संसाराची बीजे मला दिसतात. पुढे असुरांची राजकन्या शर्मिष्ठा हिने तिला विहिरीत लोटले त्याची भरपाई म्हणून तिने त्या राजकन्येला जन्मभराची दासी करून घेतले. तिला केलेले विसरता येत नव्हते; स्वतः केलेलेही नाही, दुसऱ्याने केलेलेही नाही. कचाने मनात काही ठेवून कृतज्ञतेपोटी होकार दिला असता, तर तो नकारापेक्षा मोठा अपराध ठरला असता. आणि देवांचे काय? वाट पाहणाऱ्यांना विसरून माणूस सुखी झाला तरी त्याने टाकलेले ओझे नाहीसे होत नाही. इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये प्रेमासाठी सिंहासन सोडले. ते सिंहासन रिकामे राहिले नाही. ज्याला कधी राजा व्हायचे नव्हते आणि जो त्यासाठी घडवलाही गेला नव्हता, त्या धाकट्या भावाला तिथे बसावे लागले. टाकलेले कर्तव्य नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते.

साशंक : एडवर्डला सिंहासन आणि स्त्री यांतून एकच घ्यायचे होते. कचासमोर तशी निवड होती का? विद्या त्याला मिळाली होती. ती घेऊन तो स्वर्गात जायचाच होता. सोबत देवयानी आली असती तर विद्येतली एकही ओळ पुसली गेली नसती. शत्रूच्या घरची मुलगी म्हणाल, तर इंद्राची शची ही पुलोमा दानवाची मुलगी. मत्स्यपुराण तर असे सांगते की इंद्राने आपली मुलगी जयंती शुक्राचार्यांच्या सेवेला पाठवली आणि देवयानी ही त्या दोघांचीच लेक. त्या परंपरेने पाहिले तर देवयानी इंद्राचीच नात ठरते, आणि शत्रूला वश करायला तरुण जीव पाठवण्याची देवांची रीत कचाच्याही आधीची ठरते. म्हणून मी विचारतो, अडथळा नेमका कोणता होता? कच कर्तव्याचे नाव घेतच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. देवांचे युद्ध, वाट पाहणारे सैन्य, यातले एकही कारण तो तिला देत नाही. तो दोनच कारणे देतो : तू गुरुकन्या म्हणून मला पूज्य आहेस, आणि ज्या कुशीत तू राहिलीस त्याच शुक्राचार्यांच्या कुशीत मीही राहिलो, म्हणून तू धर्माने माझी बहीण. पहिले कारण महाभारतातच टिकत नाही. उद्दालकांनी आपली मुलगी सुजाता कहोड या शिष्याला दिली. अष्टावक्र हा त्यांचाच मुलगा. आश्वमेधिक पर्वात गौतमांनी आपली मुलगी उत्तंकाला दिली. त्या कोणाला गुरुकन्या बहीण वाटली नाही, आणि व्यासांनीही त्या विवाहांना कुठे नावे ठेवलेली नाहीत.

समर्थक : पहिल्या कारणाबद्दल तुम्ही म्हणता ते मला मानावे लागेल. पण म्हणूनच दुसरे कारण महत्त्वाचे ठरते. कहोड किंवा उत्तंक गुरूच्या पोटातून जन्मला नव्हता. कच जन्मला होता. शुक्राचार्यांनी त्याला विद्या देताना, माझा पुत्र होऊन बाहेर ये, असेच सांगितले होते. बाहेर येऊन त्याने गुरूला उठवले आणि त्यांना माता-पिता मानले. हा शब्दांचा खेळ नाही. ज्या संस्कृतीत उपनयन हाच दुसरा जन्म मानला जातो, तिथे प्रत्यक्ष गुरूच्या देहातून आलेला माणूस त्याच्या मुलीचा पती कसा होणार? हे कारण बाहेरून लादलेले नव्हते, त्याच्या शरीरालाच लागून आले होते. आता यातली खरी व्यथा बघा. हे नाते कोणी निर्माण केले? देवयानीनेच. तिसऱ्या मृत्यूनंतर तिने, जाऊ दे, म्हटले असते तर तो मेलाच असता. तिने त्याला परत मागितले, आणि तो परत आला तो भाऊ होऊन. त्याला वाचवण्याचा दुसरा मार्गच उरला नव्हता, आणि त्या मार्गाने वाचलेला कच तिचा होऊ शकत नव्हता. मी याला कचाचा कावा म्हणायला तयार नाही. हे त्या दोघांचेही दुर्दैव आहे.

साशंक : इथे तुम्ही मला थांबवलेत, हे कबूल करतो. मी आजवर दुसरे कारण पहिल्याची पुरवणी समजत होतो. तुम्ही म्हणता तसे पाहिले तर ते पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे. तरीही एक गोष्ट सलते. हे नाते जुळले त्याच दिवशी कचाला ते कळले असणार. त्यानंतरही तो लगेच गेला नाही. हजार वर्षे पुरी होईपर्यंत गुरूजवळ राहिला आणि मग निघाला. त्या मधल्या काळात त्याने तिला सांगितले का, की देवयानी, आता आपण भावंडे झालो? कथेत तसा एकही शब्द नाही. निघण्याच्या घडीला, तिने मागितल्यावर, तो हे सांगतो. कर्तव्यासाठी दूर होणाऱ्या माणसाचा माझ्या लेखी अपराध एवढाच असतो : निर्णय तो आधी घेतो आणि समोरच्याला शेवटी कळवतो. मधल्या काळात त्याला मिळणारी माया तो घेत राहतो. १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला ब्रिटनची राजकन्या मार्गारेट हिने पीटर टाउनसेंडशी लग्न न करण्याचा निर्णय जाहीर केला. टाउनसेंड घटस्फोटित होता, आणि तिने चर्चची शिकवण व राष्ट्रकुलाविषयीचे कर्तव्य ही कारणे दिली. पन्नास वर्षांनी, २००५ मध्ये, तिचाच भाचा घटस्फोटित असूनही घटस्फोटित कॅमिलाशी विवाहबद्ध झाला आणि पुढे राजाही झाला. ज्या नियमासाठी एका पिढीने जन्मभराचे दुःख घेतले तो पुढच्या पिढीत वितळला. तरी मार्गारेटबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो निर्णय तिने टाउनसेंडसोबत बसून घेतला होता. नियम चुकीचा असू शकतो. पण तो दोघांनी मिळून पाळला तर निदान एकट्याची फसगत होत नाही. देवयानीला तेवढाही वाटा मिळाला नाही. आणि शुक्राचार्य तर शेजारीच होते. या नात्याचा निवाडा त्यांच्याइतक्या अधिकाराने दुसरा कोण करू शकत होता? त्यांना कोणी विचारलेच नाही.

समर्थक : आधी सांगितले असते तर? कचाचा जीव तिच्या मायेच्या आधारावर होता. असुर चौथ्यांदा आले असते आणि ती दुखावून गप्प राहिली असती, तर विद्या, कच आणि देवांची आशा एकदमच संपली असती.

साशंक : म्हणजे तिचे न कळणे हे त्याच्या कर्तव्याला आवश्यक होते. तुम्ही आत्ता जे म्हणालात त्यापुढे मी काही वेगळे म्हणत नाही.

समर्थक : नाही, तुमचा अर्थ माझ्या म्हणण्याहून कडू आहे, पण त्यातून मला पूर्ण सुटता येत नाही हेही खरे. मग मी कचाची बाजू दुसरीकडून मांडतो. देवयानीने शाप दिला : तुझी विद्या तुला फळणार नाही. ज्यासाठी तीनदा मेला, ती विद्या हातात असून त्याला स्वतःला वापरता येईना. तो काय म्हणाला? मला फळणार नाही तर नको. मी ज्याला शिकवीन त्याला ती फळेल. कर्तव्य म्हणजे काय हे मला या एका उत्तरात दिसते. स्वतःच्या वाट्याचे सगळे गेले तरी ठेव पोहोचवायची. रवींद्रनाथ टागोरांनी १८९० च्या दशकात ‘बिदाय अभिशाप’ ही नाट्यकविता लिहिली, तेव्हा त्यांनी ही अट देवयानीच्याच तोंडी घातली : शिकवशील, पण वापरू शकणार नाहीस. त्यामुळे तिचा शाप अधिक खोल झाला. पण महाभारतातला कच ती वाट स्वतः शोधतो, आणि मला तो तिथे अधिक थोर वाटतो.

साशंक : त्याच श्वासात त्याने तिला काय दिले तेही सांगा. तू धर्माने नव्हे, कामाने शाप दिलास, म्हणून तुझी इच्छा पुरी होणार नाही. कोणीही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. ज्याला ती बहीण वाटत होती, त्याने बहिणीला हा शाप दिला. तिच्या शापामागे जखम होती. त्याच्यामागे काय होते? धर्माची बाजू आपली आहे अशी ज्याची खात्री आहे त्याला शाप देण्याची गरज का पडावी? टागोरांनी हा उलट शाप काढूनच टाकला. त्यांचा कच जाताना तिला सुखी होण्याचा वर देतो. एवढ्या मोठ्या कवीला तिथे हात घालावासा वाटला, यातच त्या शापाचे बेसूरपण आले. आपल्याकडेही खाडिलकरांचे १९१३ चे ‘विद्याहरण’, खांडेकरांची १९५९ ची ‘ययाति’, शिरवाडकरांचे ‘ययाती आणि देवयानी’ या साऱ्यांनी या मंडळींकडे पुन्हा पुन्हा वळून पाहिले. कथा न्यायाने संपली असती तर इतक्या लेखकांना तिच्याकडे यावेसे वाटले नसते.

समर्थक : त्या शापाचे समर्थन मी करणार नाही. मला वाटते, तो क्षण कर्तव्याचा नव्हताच. तिथे पहिल्यांदा, आणि एकदाच, कच दुखावलेला दिसतो. आणि दुखावला तो कोण? ज्याला काहीच वाटत नाही त्याला शाप बोचत नाही. तुमच्या दृष्टीने तो शाप त्याच्या धर्माविरुद्धचा पुरावा आहे. माझ्या दृष्टीने तो त्याच्या मनाचा पुरावा आहे.

साशंक : तसे असेल तर माझे सारे आक्षेप एका जागी येतात. ती विवाह मागत होती; पण त्याआधी ती एक उत्तर मागत होती. मी तुला काय होते? याचे उत्तर, तू गुरुकन्या, हे होत नाही. तू बहीण, हेही होत नाही. ती नाती आहेत. कर्तव्याने त्याला विवाहापासून अडवले असेल, खरे बोलण्यापासून कोणी अडवले होते? तू मला प्रिय होतीस आणि तरी मी जातो आहे, एवढे म्हणून तो गेला असता तर मी आज त्याच्या बाजूने बोललो असतो. तू मला कधीच प्रिय नव्हतीस, असे म्हणून गेला असता तरी ती निदान काय गमावले ते जाणून रडली असती.

समर्थक : आणि मी म्हणतो, प्रिय होतीस असे सांगून निघून जाणे हे सर्वांत क्रूर ठरले असते. तिच्या हाती आशा देऊन तो कायमचा गेला असता. गप्प राहून त्याने तिला राग तरी दिला. रागावर माणूस उभा राहतो. ती उभी राहिलीच. पुढे विहिरीतून ययातीने तिचा उजवा हात धरून तिला वर काढले, आणि या हातावर आता दुसऱ्याचा हक्क नाही, असे त्या राजाला सांगून तिने स्वतःचा विवाह स्वतः ठरवला. तिचा मुलगा यदू. त्याच्या वंशात श्रीकृष्ण.

साशंक : तिने काय उभे केले ते तिच्या नावावर लिहा, कचाच्या मौनाच्या नावावर नको. मौन दयेचे होते की भीतीचे, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. तिलाही ते कधी कळले नाही.

समर्थक : संहितेत त्याचा काही माग राहिला असेल का?

साशंक : एक जागा आहे. ज्या श्लोकात तो सांगतो की आपण दोघे एकाच कुशीत राहिलो, त्याच श्लोकात तो तिला विशाल डोळ्यांची आणि चंद्रासारख्या मुखाची म्हणून हाक मारतो.

समर्थक : ती तर महाकाव्यातली ठरलेली संबोधने. कोणत्याही स्त्रीला कोणीही तशी हाक मारतो.

साशंक : असेलही. पण त्यानंतर तो तिला सांगतो की मी इथे सुखाने राहिलो, मनात राग नाही, बोलण्यात कधी विषय निघाला तर माझी आठवण काढ. तू मला प्रिय नव्हतीस, असे तो त्या निरोपात कुठेही म्हणत नाही. प्रिय होतीस, असेही म्हणत नाही.